दूधभाताची शपथ

ताराराणीवर खटला भरायचं ठरलं तेव्हा पिंजऱ्यात मीच उभी राहणार, हे कुणी विचारायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे ताराराणीचं नाव घरातल्या थोरल्या बाईचं घ्यावं तसं घेतात, जरा धाकानं आणि जरा अभिमानानं. पुण्यामुंबईच्या कुणी तिचं काम केलं असतं तर मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं नसतं. मोठ्या हौसेनं उभी राहिले. आता वाटतं, म्हातारपणी इतकी हौस असू नये माणसाला.

अभिरूप न्यायालय हा आपल्या लोकांचा जुना खेळ. इतिहासातलं एखादं मोठं माणूस पिंजऱ्यात उभं करायचं, दोन वकिलांनी त्याच्यावरून भांडायचं, आणि शेवटी प्रेक्षकांनी हात वर करून निकाल द्यायचा. आरोपी केव्हाच मेलेला असतो, त्यामुळे सगळे निर्धास्त. सिंगापुरात आलो तरी ही खोड गेली नाही. आमचं मंडळ तसं लहान, बुकित बातोक आणि आजूबाजूच्या काही घरांचं. माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनी, ते सुरू केलं तेव्हा एमआरटीच्या गाडीत कुणी मराठी बोलताना ऐकू आलं तर आम्ही त्याला तसंच ओढून घरी जेवायला आणायचो.

चार वर्षांपूर्वी श्रीधरना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. ज्या माणसानं वीस वर्षं सभा गाजवल्या त्याच्याकडे एक शब्द उरला. "मंजूर." अध्यक्ष म्हणून प्रत्येक ठरावाला ते जो शब्द म्हणायचे, तो डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात तग धरून राहिला देव जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं. तोही हवा तेव्हा यायचा नाही. मी चहा विचारला तर नाही. आमची नीता व्हँकुव्हरहून व्हिडिओवर "बाबा, काहीतरी बोला ना" म्हणून रडकुंडीला यायची, तेव्हाही नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कार्यकारिणीची सभा आमच्या घरी भरायची, तेव्हाच यायचा.

त्या दिवशी ते सकाळपासून कपाटाकडे डावा हात करत राहायचे. इस्त्रीचा शर्ट हवा असायचा. माणसं जमली, चपलांचा ढीग दाराशी पडला, मोदक विकत आणायचे की घरी करायचे यावर वाद पेटला, की त्यांचा चेहरा उजळायचा. मग मी टेबलावर हात आपटून म्हणायची, "मग हे ठरलं ना?" आणि ते खणखणीत आवाजात म्हणायचे, "मंजूर!" सगळे हसायचे. तेही हसायचे, अर्ध्या तोंडानं.

म्हणून मला मंडळ हवं होतं. लोक म्हणायचे, मालतीकाकूंना खुर्ची सुटत नाही. म्हणोत बापडे. कागदावर अध्यक्ष अजून श्रीधरच होते आणि मी नुसती कार्याध्यक्ष. पण मंडळ गेलं तर आमच्या दाराची बेल कोण वाजवणार होतं? सभा आमच्या घरी भरली नाही तर तो एक शब्द कशासाठी यायचा? मला त्या शब्दापलीकडे काही नको होतं. त्यासाठी मी कुणाशीही भांडले असते, आणि भांडतही होते.

यंदा निवडणूक होती, चार वर्षांत पहिल्यांदा. अध्यक्षपदाला मी उभी होते, आणि माझ्याविरुद्ध मरीन परेडच्या काँडोत राहणारे निशिकांत. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना सगळं सुटसुटीत लागतं. सभा ऑनलाइन घ्यायच्या, फराळ केटररकडून मागवायचा, असलं सगळं. एका रविवारी दुपारी आधी खटला आणि मग त्याच हॉलमध्ये वार्षिक सभा आणि मतदान, असं ठरलं. खटल्याची कल्पनाही त्यांचीच, न्यायाधीशही तेच. "ताराबाई तुमच्याशिवाय कोण करणार, काकू?" असं ते म्हणाले तेव्हा मी फुगले. कोंबडीला वाटतं आपल्याला मायेनं दाणे घालतायत.

माझी वकील क्षिप्रा. ती इथल्या विद्यापीठात इतिहासात पोस्टडॉक करते. फिर्यादीचा वकील विक्रांत. तो चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या आयटीत आहे, मूळचा साताऱ्याचा. नोकरीचा पास मिळून नवा नवा आला तेव्हा खोली मिळेपर्यंत आमच्याच घरी राहिला होता. त्याचे मोजे मी धुतलेत. श्रीधरना झटका आला त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारी तोच बसला होता. आम्ही कोल्हापूर-सातारा करून एकमेकांना खूप चिडवायचो.

"तू सातारकर, तू शाहूमहाराजांचीच री ओढणार," मी म्हणायची.

"सातारकर समोरून येतात, काकू. पाठीमागून नाही," तो म्हणायचा.

तालीम आमच्या घरी झाली. क्षिप्राला सुरुवातीला एक प्रवेश हवा होता. "औरंगजेब गेलाय. मोगलांनी शाहूंना सोडलंय आणि ते दक्षिणेत परत येतायत. गादीवर ताराबाईंचा लहान मुलगा आहे आणि कारभार त्या स्वतः बघतायत. सरदारांची चुळबुळ सुरू झालीय. तेव्हा त्यांनी सगळ्या सरदारांना बोलावलं आणि दूधभातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, असं सांगतात. अन्नाला हात लावून दिलेला शब्द. तो मोडायचा नाही."

"आणि मग?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"मग खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले."

"म्हणजे धनाजी मीच करायचा," विक्रांत म्हणाला. "डबल रोल. आधी शपथ, मग वकिली."

दूधभात आमच्या घरी रोजच असतो. श्रीधरना घास गिळायला त्रास होतो, म्हणून मी भात मऊ शिजवून, घोटून, त्यात दूध घालते. तोच वाडगा तालमीला घेतला. क्षिप्रा गेल्यावर विक्रांत मागे राहिला. मला आतून राहवत नव्हतं.

"विक्रांत, खरं सांग. निशिकांत घरोघर फिरतायत. चांगीची तुमची सगळी मंडळी तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. ती कुणाकडे?"

तो हसला. श्रीधरच्या चाकाच्या खुर्चीजवळ वाडगा होता, त्यात त्यानं दोन बोटं बुडवली. "दूधभाताची शपथ, काकू. आमची मतं तुमची."

"काकांसमोर म्हणतोयस."

"काकांसमोरच म्हणतोय."

मी टेबलावर हात आपटला. "मग हे ठरलं ना?"

"मंजूर!" श्रीधर म्हणाले. मला त्या रात्री गाढ झोप लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पांढरं नऊवारी लुगडं नेसले. नवरा समोर बसलेला असताना विधवेचा वेष कशाला, असं दोघीतिघी कुजबुजल्या. मी लक्ष दिलं नाही. ताराराणी विधवा होती, तिला काय डाळिंबी रंगाची पैठणी नेसवायची? कम्युनिटी क्लबचा हॉल भरला होता. श्रीधर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. माणसांचा गलका ऐकूनच त्यांचे डोळे चमकत होते.

शपथेचा प्रवेश छान झाला. विक्रांतनं फेटा बांधून दूधभातावर हात ठेवला आणि टाळ्या पडल्या. मग फेटा काढून काळा कोट चढवला.

आधी क्षिप्रानं माझी तपासणी नव्हे, आरतीच केली. राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीच्या. समोर औरंगजेबाची अख्खी फौज. किल्ले पडत होते. अशा वेळी ह्या बाईनं गडागडावर फिरून किल्लेदारांना धीर दिला, सैन्य मोगलांच्याच मुलखात, माळव्यात, गुजरातेत घुसवलं. बादशहा एक किल्ला घ्यायचा, दुसरीकडे दोन परत जायचे. शेवटी तो नगरला मेला, दक्षिण न जिंकताच. "कारभार परिणामकारक होता की नव्हता, याचं उत्तर बादशहाची कबर देते," क्षिप्रा म्हणाली. हॉल दणाणला. मी मान ताठ केली. खोटं कशाला सांगू, त्या टाळ्या मी माझ्याच धरल्या.

मग विक्रांत उठला.

"राणीसाहेब, आधी परराष्ट्र धोरण. महाराज गेल्याबरोबर तुम्ही बादशहाकडे तहाचा निरोप पाठवलात. मुलाला मनसब द्या, आम्ही किल्ले देतो. त्यानं धुडकावलं तेव्हा लढलात. तह की लढाई, तुमचं धोरण तरी कुठलं?"

"दारात फौज आणि घरात धनी नाही," मी म्हणाले. "अशा वेळी बाई वेळ काढते. वेळ काढणं हेही धोरणच."

टाळ्या पडल्या. त्यानं मान डोलावली, जसं काही हे उत्तर त्याला हवंच होतं.

"बरं. बादशहा मेला. मोगलांनी शाहूंना सोडलं ते कशासाठी?"

"आमच्यात भांडण लावायला."

"तुम्हाला हे कळत होतं?"

"न कळायला मी काय दूधखुळी होते?"

"कळत होतं आणि तरी भांडलात. शाहूंना तोतया म्हणालात. शत्रूला जे हवं होतं ते तुम्ही आपल्या हातानं करून दिलंत. एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या, सातारा आणि कोल्हापूर. बाहेरच्याशी लढणं तुम्हाला जमलं, राणीसाहेब. घरातल्याला वाटा देणं जमलं नाही."

मी क्षिप्राकडे पाहिलं. तिनं कागद उलटेपालटे केले. उत्तर तिच्याकडेही नसावं, कारण गोष्ट खरीच होती.

"आता कारभार," विक्रांत म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "गादीवर कोण होतं?"

"माझा मुलगा."

"हुकूम कुणाचे सुटत होते?"

"मुलगा लहान होता."

"पुढे मोठा झाला. तेव्हाही हुकूम तुमचेच. तो बुद्धीनं बेताचा होता, असं म्हणतात. कारभारातलं त्याला काही कळत नव्हतं. मग त्यानं कशाला होकार दिला, कशाला नाही, हे कोण ठरवत होतं? नाव त्याचं, शब्द त्याचा, आणि मर्जी तुमची. ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावानं राज्य करायचं, याला कारभार म्हणायचं की कब्जा?"

ताराबाईच्या मुलाला बोलता येत नव्हतं असं कुठेही लिहिलेलं नाही. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. बायकांच्या माना वळून पहिल्या रांगेतल्या त्या इस्त्रीच्या शर्टाकडे गेल्या. एवढी माणसं मिळून ताराराणीचा न्याय करायला जमलीच नव्हती.

"तो बोलायचा," मी म्हणाले. "माणसं घरी जमली की बोलायचा. तुम्ही ऐकलंय. तू ऐकलंयस."

क्षिप्रा गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कागदात हे नव्हतं.

"तू दूधभातावर हात ठेवला होतास," मी म्हणाले.

विक्रांत प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "तो धनाजीनं ठेवला होता, राणीसाहेब. मी वकील." हॉल हसून हसून लोळला. त्यात तो मात्र हसत नव्हता.

निशिकांतनी पदवीदान समारंभाचा गाऊन सावरला आणि निकालाचं भाषण केलं. शहाण्या माणसासारखं बोलले. राज्य राखण्याचं श्रेय ताराबाईंना द्यायलाच हवं. त्यांच्याइतक्या हिमतीनं ते कुणी राखलं नसतं. पण राखणं आणि धरून ठेवणं यांत फरक असतो, सोडायची वेळ कळणं हाही राज्यकारभारच. वगैरे. मग त्यांनी हात वर करायला सांगितले. निर्दोष म्हणून क्षिप्राचा हात वर आला, आणखी चारदोन म्हाताऱ्यांचे. दोषी म्हणून हात वर आले तेव्हा मी मोजले नाहीत. चांगीची सगळी मंडळी एका रांगेत बसली होती. ती अख्खी रांग वर झाली.

"मग हे ठरलं ना?" निशिकांत म्हणाले. मंडळात माझ्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्यांना तीच सवय लागलेली.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला. खणखणीत, झटक्याच्या आधी यायचा तसा.

"मंजूर!"

आधी सगळे हसले. मग हसू विरलं. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीधर अर्ध्या तोंडानं हसत इकडेतिकडे बघत होते. एवढी टाळी त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

त्यांना काही कळलं नव्हतं. माणसं जमली, वाद झाला, कुणीतरी 'ठरलं ना?' म्हटलं, शब्द आला. एवढंच. हे मी उभं राहून सांगू शकले असते. पण कुठल्या तोंडानं? चार वर्षं मी त्याच शब्दावर मंडळ चालवलं. कुणी कुरकुरलं की म्हणायची, अध्यक्षांनी मंजूर केलंय, आता चर्चा नको. ते सगळे मंजूर समजून-उमजून आणि आजचा तेवढा आंधळा, असं म्हटलं असतं तर लोकांनी मला विचारलं असतं, काकू, मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात? विक्रांतनं जे विचारलं होतं तेच. माझ्याच हातानं मी स्वतःभोवती भिंत बांधून घेतली होती.

चहानंतर वार्षिक सभा सुरू झाली. पांढऱ्या लुगड्यातच मी उठले आणि माझं नाव मागे घेतलं. कुणी आग्रह केला नाही. निशिकांत बिनविरोध निवडून आले, श्रीधरना आजीव सल्लागार केलं, आणि शाल दिली. सिंगापुरात शाल!

लिफ्टपाशी विक्रांत धावत आला. त्यानं खुर्ची माझ्या हातून घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही.

"काकू, नाटक होतं ते."

"आणि मतं?"

"तुमच्यासाठीच केलं, काकू. किती ओढाल एकट्या? काकांचं सगळं करायचं, त्यात ही मंडळाची दगदग. तुम्ही आपणहून सोडलं नसतं."

त्याचे डोळे भरले होते. खोटं बोलत नव्हता तो. खोटं बोलला असता तर दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. माझ्या घरात राहिलेल्या, माझ्या हातचं खाल्लेल्या पोरालासुद्धा कळलं नव्हतं की मी काय धरून बसले आहे. मी तरी कुणाला सांगितलं होतं? इतकी वर्षं वाटलं, दिसतंय ते सगळ्यांना.

"येत जा घरी," मी म्हणाले.

"येतो ना, काकू," तो म्हणाला. लिफ्टचं दार बंद झालं.

पहिला शनिवार आला. श्रीधर सकाळपासून कपाटाकडे हात करत होते. मी त्यांना शर्ट घातला. मग ते खुर्च्यांकडे हात करायला लागले. आज कुणी येणार नाही, सभा आता कॉम्प्युटरवर असते, असं मी दोनदा समजावलं. हात खाली येईना. शेवटी मी सगळ्या खुर्च्या मांडल्या, गोल, नेहमीसारख्या.

निशिकांतनी लिंक पाठवली होती. चौकोनाचौकोनांत चेहरे आले. "श्रीधरकाका, नमस्कार! काकू, तुमचा माइक तेवढा म्यूट ठेवा हं, आवाज घुमतो," निशिकांत म्हणाले. विक्रांत एका चौकोनात होता, त्यानं हात हलवला. सभा चटकन आटोपली. ठरावांवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. श्रीधरनी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. ते दाराकडे बघत होते.

लॅपटॉप मिटला आणि मी त्या रिकाम्या गोलात एका खुर्चीवर बसले. टेबलावर हात आपटला. "अहो, मोदक यंदा घरीच करायचे. मग हे ठरलं ना?"

ते दाराकडे बघत राहिले.

मी दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले आणि निशिकांतच्या बाजूनं बोलले, केटररच बरा म्हणाले. तिसऱ्या खुर्चीवर बसून त्याला विरोध केला. आवाज चढवला, भांडले, एकटीच. परत माझ्या जागेवर येऊन हात आपटला. "मग हे ठरलं ना? अहो, ठरलं ना?"

तो शब्द त्यानंतर आलेला नाही. त्या दिवशी आला नाही, पुढच्या महिन्याच्या शनिवारी नाही, विक्रांत एकदा येऊन घटकाभर बसून गेला तेव्हाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात शेवटचा शब्द उच्चारला तो मी दोषी आहे म्हणून.

त्या पहिल्या शनिवारी शेवटी मी उठले, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि भात घोटायला घेतला. दूध घालून वाडगा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तोंड उघडलं, दाराकडे बघतच.